हा महिना तुझ्या लिव्हरचा

बाबांना लिव्हर द्यायला डॉक्टरांनी तुला ‘नाही’ म्हटलेलं नाही, हे आधी मनात पक्कं कर. फोनवर तू सारखं ‘रिजेक्ट, रिजेक्ट’ म्हणत होतीस, म्हणून तू पाठवलेले सगळे रिपोर्ट मी रात्री शांतपणे वाचले. तसं कुठंही लिहिलेलं नाही. लिव्हरमध्ये चरबी आहे, पाच-सहा किलो वजन उतरवा आणि महिन्याने परत तपासणीला या, एवढंच आहे. ज्याचं लिव्हर घ्यायचंच नसतं त्याला कुणी परत बोलावत नाही गं. मी रुग्णालयात आहाराचं काम बघते. लिव्हर द्यायला आलेल्या लेकी, सुना, आया माझ्यासमोर बसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना पहिल्या फेरीत हेच ऐकावं लागतं.

‘मीच का’ असं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या सासूबाईंनी विचारलं असेल, म्हणून सांगून ठेवते. तुझ्या बाबांचा, म्हणजे काकांचा, रक्तगट ओ. ओ गटाच्या माणसाला ओ गटाचंच लिव्हर बसतं. तुझी आई, म्हणजे काकू, बी, आणि तुझा धाकटा भाऊही बी. राहिलीस तू. तुझं ओ पॉझिटिव्ह आणि काकांचं ओ निगेटिव्ह बघून तू घाबरली होतीस, पण लिव्हरच्या बाबतीत पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आड येत नाही. तुझ्या नवऱ्याचा गटही ओ आहे आणि तो ‘मी देतो’ म्हणाला, हे ऐकून मला भरून आलं. पण कायद्याच्या यादीत जावई ‘जवळचा नातेवाईक’ नाही. 1994 चा कायदा आणि 2011 ची दुरुस्ती धरून त्या यादीत नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा आणि नातवंडं एवढेच येतात. बाकी कुणी द्यायचं ठरवलं तर समितीपुढे जाऊन यात पैशाची देवाणघेवाण नाही हे दाखवावं लागतं. तो मार्ग आहे, पण त्याला वेळ लागतो. त्या समितीचे कागद बाजूला तयार असू देत. तोवर तुझा महिना वाया जाऊ द्यायचा नाही.

आता चरबीचं बोलू. ‘मी दारूला कधी शिवले नाही, मग माझं लिव्हर असं कसं?’ हा तुझा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, कारण त्यात शरम होती. शरमेचं काही नाही यात. दारू न पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्येही चरबी साठते, आणि आपल्याकडे ती फार जणांत साठलेली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार आधी ओळखलं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. बाहेरून सडपातळ दिसणारा भारतीय माणूसही आतून चरबी बाळगून असतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. तुझा बीएमआय तर 26 च्या पुढे आहे. आपल्या लोकांसाठी 23 च्या वर गेलं की वजन जास्त आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. बाळंतपणानंतर पोटावर जे राहिलं ते राहिलंच, हे तूच मला सांगितलं होतंस.

रिपोर्टातला एक आकडा तू विचारला होतास. सीटी स्कॅनमध्ये निरोगी लिव्हर प्लीहेपेक्षा थोडं उजळ दिसतं. चरबी साठली की ते काळवंडतं. म्हणून दोघांचे आकडे घेतात आणि लिव्हरमधून प्लीहा वजा करतात. उत्तर 5 च्या वर आलं तर चरबी नसल्यातच जमा. उणे 10 च्या खाली गेलं तर बरीच. तुझं लिव्हर 46, प्लीहा 49, म्हणजे उणे 3. तू मधल्या पट्ट्यात आहेस. हा आकडा 5 च्या वर न्यायचा, हे आपलं या महिन्याचं काम. वजनकाटा त्यासाठीचं साधन आहे. उद्या दोन किलो उतरले नाहीत म्हणून धीर सोडू नकोस आणि पाच किलो उतरले म्हणून सुटले असंही समजू नकोस. शेवटचा निकाल स्कॅन देणार, आणि त्यावरही शंका राहिली तर एमआरआय किंवा सुईने घेतलेला छोटासा तुकडा.

एवढी काय ती चरबी, थोडी असली तर काय बिघडलं, असं काकू म्हणाल्या ना? त्यांना हे समजावून सांग. तुझं लिव्हर साधारण 1250 ग्रॅमचं आहे. त्याचा उजवा भाग काकांना जायचा, तो 775 ग्रॅमच्या आसपास. मागे तुझ्याकडे 38 टक्के राहतील. देणाऱ्याकडे किमान 30, आणि जमल्यास 35 टक्के राहिलेच पाहिजेत, असा दंडक आहे. घेणाऱ्याला त्याच्या वजनाच्या साधारण 0.8 टक्के एवढं तरी लिव्हर मिळायला हवं. काकांचं वजन 62 किलो, म्हणजे जवळजवळ 500 ग्रॅम. कागदावर सगळं छान बसतं. पण हे ग्रॅम चरबीसकट मोजलेले आहेत. चरबी वजन भरते, काम करत नाही. रक्त गाळणं, गोठण्यासाठी लागणारी प्रथिनं बनवणं, पित्त तयार करणं, हे सगळं पेशींनी करायचं असतं. म्हणून 38 टक्क्यांतला चरबीचा वाटा वजा केला तर तुझ्या स्वतःच्या पोटात किती कामाचं लिव्हर राहतं, ही डॉक्टरांची खरी काळजी आहे. काकांच्या आधी ते तुझा विचार करतायत. त्यांनी तुला थांबवलं याचा राग येऊ देऊ नकोस.

दुसरं कारण शस्त्रक्रियेच्या टेबलावरचं आहे. काढलेलं लिव्हर मधल्या वेळात बर्फाएवढ्या थंड द्रावणात ठेवतात. रक्त थांबलेलं, प्राणवायू थांबलेला. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं तशी पेशींमधली चरबीही त्या गारठ्यात घट्ट होते. चरबीने फुगलेल्या पेशी आधीच बारीक रक्तवाहिन्यांना दाबून बसलेल्या असतात. मग काकांच्या पोटात जोडून रक्त सोडलं की ते रक्त सगळीकडे नीट पोचत नाही, आणि अचानक आलेल्या प्राणवायूचा मारही अशा पेशींना जास्त बसतो. चांगलं लिव्हर या धक्क्यातून उठतं. चरबीने भरलेलं कधी कधी उठतच नाही. जिवंत डोनरच्या बाबतीत हा मधला वेळ कमी असतो, दोन्ही थिएटरं शेजारी असतात, त्यामुळे धोका कमी. तरीही 30 टक्क्यांच्या वर चरबी असेल तर बहुतेक ठिकाणी पुढे जातच नाहीत, आणि जिवंत डोनरसाठी 10-20 टक्क्यांच्या आतच हवी असा आग्रह धरणारे डॉक्टर पुष्कळ आहेत.

आणि आता चांगली बातमी. पोटावरची, मांडीवरची चरबी उतरायला महिने लागतात, पण लिव्हरमधली चरबी सगळ्यात आधी वितळते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या रॉय टेलर यांनी 2011 मध्ये मधुमेह असलेल्या माणसांना रोज 600 कॅलरीवर ठेवून मोजलं. पहिल्या एका आठवड्यात लिव्हरमधली चरबी 30 टक्क्यांनी उतरली. आठ आठवड्यांत ती 12.8 टक्क्यांवरून 2.9 टक्क्यांवर आली. तू हे 600 कॅलरीचं करायचं नाहीस, ते डॉक्टरांच्या नजरेखाली केलेलं होतं आणि त्या माणसांना पुढे पोट कापून घ्यायचं नव्हतं. आपल्या कामाचा अनुभव गुरुग्रामच्या मेदांता रुग्णालयातल्या डॉक्टरांचा आहे, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला. चरबीमुळे थांबवलेल्या डोनरना त्यांनी रोज 1200 कॅलरी आणि किमान तासभर व्यायाम सांगितला, आणि साधारण चार आठवड्यांत त्यांच्या लिव्हरमधली चरबी झपाट्याने उतरली. त्यांनी त्या लेखाच्या नावातच लिहिलंय की हे डोनर अतिशय निश्चयाचे होते. साहजिकच आहे. ज्याच्या घरात माणूस पिवळं पडत चाललंय त्याच्याइतकं मनावर घेणारं दुसरं कोण असणार?

तुझं वजन 68. लिव्हरसाठी सहसा सात ते दहा टक्के वजन उतरवायला सांगतात. सात टक्के म्हणजे पावणेपाच किलो, दहा टक्के म्हणजे पावणेसात. डॉक्टरांनी पाच-सहा सांगितलं ते यातूनच आलं. त्याहून जास्त उतरवायच्या नादी लागू नकोस. उपाशी राहून भराभर वजन घालवलं तर आधी स्नायू जातात, पित्ताशयात खडे होतात, आणि शस्त्रक्रियेनंतर लिव्हर वाढायला लागणारी प्रथिनं अंगात शिल्लक राहत नाहीत. अशक्त डोनर डॉक्टरांना नको आणि मलाही नको.

तुझ्या ताटाचं बोलू या. आखाड चाललाय, दोन्हीकडे तळण चालू असेल, कापण्या, पुऱ्या, भजी. पुढे श्रावण, मग गणपती. सगळा महिना तुझ्या विरोधात उभा आहे, कल्पना आहे मला. सुरुवात चहापासून कर. तू दिवसाला चार कप घेतेस, कपाला दोन चमचे साखर. एक चमचा साखर म्हणजे साधारण 20 कॅलरी, म्हणजे चहातूनच 160. ही साखर तर लिव्हरला थेट नडते, कारण साखरेतला फ्रुक्टोज नावाचा अर्धा भाग पचवायचं काम लिव्हरच करतं आणि जास्तीचा झाला की त्याची चरबी करून तिथंच ठेवतं. म्हणून बिनसाखरेचा चहा, आणि बाटलीतलं सरबत, कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस पूर्ण बंद. ‘फळांचा रस तर चांगला ना?’ असं कुणी म्हणेल. फळ चावून खा, रस नको.

भात आणि तांदळाची भाकरी आपल्याकडे तोंडातून सुटत नाही. सोडू नकोस, पण मोजून घे. दुपारी एक पातळ भाकरी किंवा एक वाटी भात, दोन्ही नाही. रात्री तेही अर्धं. ताटातली ती रिकामी झालेली जागा डाळ, वालाची किंवा मुगाची उसळ, दही, अंडी आणि मासळी यांनी भर. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि कॅलरी 75 च्या आसपास, यापेक्षा स्वस्त औषध मला माहीत नाही. दिवसाला 60-70 ग्रॅम प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत. बांगडा खा, पण कालवण पातळ आणि खोबरं बेताचं. तळलेला नको. कढईत ओतलेलं एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी, आणि घरी आपण तेल मोजत नाही, ओततो. तू या महिन्यापुरती तेलाची बाटली वेगळी ठेव आणि दिवसाला तीन लहान चमच्यांच्या वर जाऊ नकोस.

मोहोपाड्याच्या बाजारात या दिवसांत ठाकर-कातकरी बाया टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसतात. रोज एक जुडी घे. थोड्या तेलावर लसूण-मिरची टाकून परतली की पोटभर भाजी होते आणि कॅलरी जवळजवळ नाहीतच. भूक मारायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

श्रावणातल्या उपासांचं मात्र स्पष्ट सांगते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यावर तूप आणि शेंगदाण्याचं कूट. उपासाच्या एका ताटलीत तुझ्या दिवसाचा निम्मा हिशेब संपतो आणि प्रथिनं नावाला. यंदा सोमवार धरू नकोस. घरच्या देवापुढे हात जोडून सांग की बाबांसाठी रोजचा संयम पाळतेय, तोच माझा उपास. सासूबाईंनाही हे याच शब्दांत सांग, त्यांना पटेल. निर्जळी वगैरे तर मनातही आणू नकोस. गणपतीत नैवेद्याचा एक मोदक जरूर खा, एकच, आणि त्या जेवणातला भात सोड.

चालायला सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका वेग हवा. एमआयडीसीच्या रस्त्यावर किंवा दांड फाट्याच्या दिशेने अंधारात जाऊ नकोस, पाऊस, टँकर, खड्डे, काही सांगता येत नाही. नवीन पोसरीच्या आतल्या गल्ल्यांतून फेऱ्या मार. आपल्याकडचा पाऊस चार-चार दिवस उघडत नाही, तेव्हा बिल्डिंगचा जिना आहे. दहा मिनिटं चढ-उतर, दोन मिनिटं थांब, परत. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बशा रोज कर, मांड्यांचे स्नायू राहिले पाहिजेत. आणि तीन गोळ्यांचं ते श्वासाचं यंत्र आत्ताच घे. शस्त्रक्रियेनंतर ते देतातच, पण आधीपासून सवय असली की नंतर छाती भरत नाही. धाकट्याने सिगारेट सोडली का? तो डोनर नाही, तरी घरात धूर नको.

या सगळ्यात मला खरी भीती कशाची वाटते सांगू? औषधाच्या नावाने कुणी काही आणून देण्याची. लिव्हर साफ करणारा काढा, चरबी जाळणारी पावडर, ग्रीन टीच्या गोळ्या. आणि आता सगळ्यांना कळलंय की तुला डोनर व्हायचंय, म्हणजे सल्ले येणारच. करोनाच्या काळात 2020 मध्ये गुळवेलीचा काढा घेतलेले सहा रुग्ण मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे कावीळ होऊन आले होते, त्यांनी ते 2021 मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद आपण सोडवायचा नाही. पण महिन्याने तुझं रक्त तपासताना एसजीपीटी हा लिव्हरचा आकडा वाढलेला निघाला तर तारीख पुढे जाईल, आणि काकांकडे तेवढा वेळ आहे का? म्हणून दिलेल्या औषधांशिवाय एक गोळीही नाही. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर ते लाजून लपवू नकोस. त्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, शस्त्रक्रियेच्या कित्येक आठवडे आधी त्या बंद करतात. डॉक्टरांना आजच कळव आणि दुसरी काळजी काय घ्यायची ते विचार.

धाकट्याने मोबाईलवर वाचलं की परदेशात यंत्रात ठेवून लिव्हर सुधारतात, मग दीदीला एवढा त्रास कशाला. चांगल्या मनाने म्हणाला तो, आणि वाचलंय ते खोटं नाही. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेल्या एका यंत्रात लिव्हर 37 अंशांवर ठेवतात, त्यातून रक्त खेळवतात, ते पित्त बनवतं का हे बघतात आणि मगच ठरवतात. 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये त्याची मोठी चाचणी आली. बर्फात ठेवलेल्या लिव्हरच्या तुलनेत इजा निम्म्याने कमी झाली आणि टाकून द्यावी लागलेली लिव्हरंही निम्म्याने कमी झाली. झुरिकमध्ये तर 2021 मध्ये एक दुखावलेलं लिव्हर तीन दिवस यंत्रात ठेवून, सुधारून, माणसाला बसवलं. मला याचं फार कौतुक वाटतं. पण हे सगळं मृत डोनरकडून मिळालेल्या लिव्हरसाठी आहे. तिथं डोनरला ‘महिनाभर चाल आणि ये’ असं सांगता येत नाही. हातात काही तास असतात. त्या तासांत आयसीयूमध्ये मेंदूमृत डोनरचा रक्तदाब सांभाळतात, सोडियम 155 च्या वर जाऊ देत नाहीत, कारण ते चढलं की लिव्हर नंतर नीट चालत नाही. आणि मग यंत्र. यंत्रातच औषधं घालून चरबी काढायचे प्रयोगही चालू आहेत, पण ते अजून प्रयोगच आहेत. तुझ्यापाशी दिवस आहेत, आणि तुझं लिव्हर तुझ्या अंगात राहूनच सुधारणार आहे. त्याहून उत्तम यंत्र धाकट्याला कुठे सापडणार नाही.

काकांचं नाव मात्र रुग्णालयामार्फत मृत डोनरचे अवयव वाटून देणाऱ्या मुंबईच्या झेडटीसीसीच्या प्रतीक्षायादीत नोंदवलेलं आहे ना, याची खात्री करून घे. तू डोनर ठरलीस तरी ते नाव असू दे. आणि तुझा आकडा सुधारलाच नाही तर अदलाबदलीबद्दल विचार. दुसऱ्या एखाद्या घरात डोनर आहे पण त्याचं लिव्हर घरच्या माणसाला बसत नाही, अशा दोन घरांनी एकमेकांच्या माणसाला द्यायचं, त्याला 2011 च्या दुरुस्तीने परवानगी दिलेली आहे. धाकट्याचं बी गटाचं लिव्हर तिथं उपयोगी पडू शकतं.

आता जे बोलायचं ते आपल्या दोघींत राहू दे. तुला खरंच द्यायचंय ना? काकांवर तुझा जीव आहे हे मला माहीत आहे. पण जीव असणं वेगळं आणि सगळे आपल्याकडे बघतायत म्हणून मान हलवणं वेगळं. आपल्या देशात लिव्हर देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, आणि मिळणाऱ्यांत पुरुष. हे मला रोज दिसतं आणि रोज खुपतं. 2014 च्या नियमांत म्हणूनच लिहिलंय की डोनर बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती घेणाऱ्या रुग्णाशिवाय दुसऱ्या कुणाकडून पक्की करून घ्यावी. तुला एकटीला आत बोलावून विचारतील. तिथं खरं बोल. नको वाटलं तर तेव्हा सांग, अगदी आदल्या रात्रीही सांग. घरच्यांना ‘तपासणीत बसली नाही’ एवढंच कळवून डॉक्टर तुझी बाजू सांभाळतात. मी कधीही तुला एका शब्दानेही दोष देणार नाही.

धोका शून्य नाही. उजवा भाग देणाऱ्यांत दोनशे ते पाचशेंमागे एखादा डोनर दगावतो, असं जगभरचे अनुभव सांगतात. पित्त गळणं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे त्याहून पुष्कळ जास्त वेळा होतं आणि बहुतेक वेळा बरं होतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात बायकोने नवऱ्याला लिव्हर दिलं आणि दोघंही गेले, ती बातमी तूही वाचली असशील. ती मी तुझ्यापासून लपवणार नाही. आणि 1998 मध्ये दिल्लीच्या अपोलोत देशातलं पहिलं यशस्वी लिव्हर प्रत्यारोपण झालं, तेव्हा वडिलांनी आपल्या वीस महिन्यांच्या बाळाला लिव्हरचा तुकडा दिला होता. ते बाळ, संजय कंदासामी, मोठं होऊन स्वतः डॉक्टर झालं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून तू निर्णय घ्यावास अशी माझी इच्छा आहे.

नंतरचंही आत्ताच ठरवून टाक. रुग्णालयात साधारण आठवडाभर राहावं लागेल. कापलेला उजवा भाग परत फुटत नाही, उरलेला डावा भागच मोठा होतो. पहिल्या काही आठवड्यांत तो झपाट्याने वाढतो आणि दोन-तीन महिन्यांत बहुतेक पूर्वीच्या मापाला येतो. पण पोटाचे स्नायू जुळायलाही तेवढाच वेळ लागतो. लेकाला कडेवर घेता येणार नाही, पाण्याची कळशी उचलता येणार नाही. चार वर्षांचं पोर हे ऐकणार नाही, म्हणून आत्तापासून त्याला मांडीवर बसवून गोष्ट सांगायची सवय लाव, उचलून घेण्याची सोडव. कोण राहायला येणार, स्वयंपाक कोण करणार, नवऱ्याची रजा किती, हे कागदावर उतरव. काकूंना दोन ठिकाणी धावायला लावू नका, त्या काकांपाशी असतील.

परत तपासणीला जाशील तेव्हा उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं, म्हणून पहाटेच दांड फाट्यावरून पनवेल गाठ, आणि डब्यात दोन उकडलेली अंडी आणि एक भाकरी ने, रक्त दिल्या दिल्या खा. डॉक्टरांना विचार की लिव्हर वजा प्लीहा आता किती आलं, माझ्याकडे किती टक्के राहतील, बाबांना त्यांच्या वजनाच्या किती टक्के मिळेल. उत्तरं वहीत लिहून घे. आणि हेही विचार की शस्त्रक्रियेला आणखी वेळ लागला तर मी हे जेवण किती दिवस चालू ठेवायचं.

वजन दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, त्याच काट्यावर कर आणि आकडा मला पाठव, कमी असो की जास्त. रोज काट्यावर उभी राहू नकोस. येत्या रविवारी मी मोहोपाड्याला येतेय. सासूबाईंशी उपासाचं आणि तळणाचं मी बोलते, तू मध्ये पडू नकोस.